बुल्गाकोव : कादंबरी खणात राहते, नाटक राहत नाही

नेपथ्य

मिखाईल बुल्गाकोवचं नाव निघालं की आपल्याकडे गप्पा ‘मास्टर आणि मार्गारिटा’पासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथंच संपतात. मॉस्कोत अवतरलेला सैतान, त्याचा तो भला थोरला काळा बोका, येर्शलाइममधला, म्हणजे जेरुसलेममधला, येशूचा न्याय करणारा रोमन अधिकारी पिलात. कादंबरी थोर आहे, त्यात वाद नाही. पण ती मासिकात छापून आली १९६६-६७ मध्ये, तीही कापाकापी करून, आणि बुल्गाकोव गेला १० मार्च १९४० ला. त्याच्या हयातीत ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं आणि ज्यांनी शिव्या घातल्या, त्यांच्यातल्या मोजक्या मित्रांखेरीज कुणीही ही कादंबरी वाचलेली नव्हती. त्या सगळ्यांच्या लेखी तो नाटककार होता, ‘तुर्बिनांचे दिवस’वाला.

हा धागा त्या नाटककारासाठी. कादंबरी लिहून खणात टाकता येते. पंचवीस वर्षांनी कुणी बाहेर काढली तरी ती तीच असते. नाटकाला नट लागतात, तालमी लागतात, तिकीट काढून आलेला माणूस लागतो. नाटककाराला गप्प बसवायला अटक करावी लागत नाही, प्रयोग थांबवले की पुरतं. बुल्गाकोवला कधीच अटक झाली नाही. त्याचं काय केलं गेलं ते बघायचं तर नाटकांच्याच वाटेनं जावं लागतं.

थोडक्यात पार्श्वभूमी. जन्म कीवचा, १८९१ चा. वडील तिथल्या धर्मशास्त्राच्या अकादमीत प्राध्यापक. सात भावंडांत हा थोरला. शिकला वैद्यक, १९१६ मध्ये डॉक्टर झाला, वर्षभर खेड्यात काढलं. मग क्रांती आणि यादवी. त्या काळात कीवची सत्ता चौदा वेळा पालटली आणि त्यातली दहा सत्तांतरं मी स्वतः पाहिली, असं त्यानंच १९२३ मध्ये लिहून ठेवलंय. बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या श्वेत सैन्याबरोबर कॉकेशसमध्ये गेला, तिथं टायफसनं आडवा झाला, सैन्य निघून गेलं, हा मागे राहिला. डॉक्टरकी तिथंच सुटली. १९२१ च्या शरदात मॉस्कोला आला आणि रेल्वे कामगारांच्या ‘गुदोक’ या वृत्तपत्रात चटपटीत मजकूर लिहून पोट भरू लागला.

‘व्हाइट गार्ड’ ही त्याची कादंबरी १९२५ मध्ये एका मासिकात क्रमशः येत होती. ती पुरी व्हायच्या आत मासिकच बंद पडलं. पण छापलेला भाग मॉस्को आर्ट थिएटरच्या मंडळींनी वाचला आणि याचं नाटक करून द्या म्हणून निरोप आला. ५ ऑक्टोबर १९२६ ला ‘तुर्बिनांचे दिवस’चा पहिला प्रयोग झाला. १९१८ चा हिवाळा, कीवमधलं तुर्बिन या लष्करी कुटुंबाचं घर, खिडक्यांना सायीच्या रंगाचे पडदे, बाहेर तोफा. पराभूत बाजूची माणसं सोव्हिएत रंगमंचावर पहिल्यांदा माणसं म्हणून उभी राहिली. प्रेक्षागृहात असे कितीतरी लोक होते ज्यांचा भाऊ, नवरा, मुलगा त्याच बाजूनं लढला होता आणि ज्यांना त्याचं नावही उघड काढता येत नव्हतं. प्रयोगात बाया हुंदके देत, काहींना भोवळ येई, असं त्या वेळच्या आठवणींत सापडतं.

दुसरीकडे वृत्तपत्रं तुटून पडली. बुल्गाकोव आपल्यावरची टीका कात्रणं काढून वहीत चिकटवत असे. त्याच्या हिशेबानं दहा वर्षांत ३०१ लेख. त्यातले बरं बोलणारे ३, उरलेले २९८ विरोधात.

आणि याच नाटकाला स्टॅलिन पंधराएक वेळा येऊन बसला, थिएटरच्या नोंदींतच ते आहे. १९२९ च्या फेब्रुवारीतल्या एका पत्रात त्यानं लिहिलं की या नाटकानं नुकसानापेक्षा फायदाच जास्त होतो : तुर्बिनांसारख्यांनाही हत्यारं खाली ठेवावी लागली, म्हणजे बोल्शेविक अजिंक्यच. ‘पलायन’ हे पुढचं नाटक मात्र त्याच पत्रात सोव्हिएतविरोधी ठरलं. त्याच सालच्या वसंतात बुल्गाकोवची तिन्ही चालू नाटकं, ‘तुर्बिन’, ‘झोयकाचा फ्लॅट’ आणि ‘किरमिजी बेट’, फलकावरून उतरली. ‘पलायन’ तर तालमीतच मेलं.

२८ मार्च १९३० ला त्यानं सरकारला पत्र लिहिलं. क्षमायाचना नाही, सुधारणेचं वचन नाही. सैतानावरच्या कादंबरीचा मसुदा स्वतःच्या हातानं भट्टीत टाकला, हे त्यात आहे. मागणी एवढीच की मला देश सोडू द्या, नाहीतर काम द्या. आर्ट थिएटरात सहायक दिग्दर्शक म्हणून घ्या. ते जमत नसेल तर गर्दीतला नट म्हणून. तेही नसेल तर रंगमंचावरचा कामगार म्हणून. ज्याच्या नाटकानं त्याच थिएटरात गर्दी खेचली, तो तिथं सेट हलवायचं काम मागतोय. त्याला नाटकाबाहेर जगताच येत नव्हतं.

१४ एप्रिलला कवी मायकोवस्कीनं स्वतःवर गोळी झाडली. १८ तारखेला बुल्गाकोवकडे फोन वाजला. पलीकडे स्टॅलिन. आमचा फार कंटाळा आला का, खरंच परदेशी जायचंय का, असं त्यानं विचारलं. बुल्गाकोव क्षणभर थांबला आणि म्हणाला की रशियन लेखक मायदेशाबाहेर जगू शकेल का याचा मी अलीकडे खूप विचार केला, आणि मला वाटतं नाही जगू शकणार. मग थिएटरात नोकरीचा अर्ज करा, ते मान्य करतील असं मला वाटतं, असं उत्तर आलं. ते मान्य झालंही.

त्या फोननं त्याचा जीव वाचवला असं बरेच जण लिहितात. मला वाटतं त्या फोननं त्याला दहा वर्षं बांधून ठेवलं. पुढे तो सतत दुसऱ्या फोनची वाट पाहत राहिला. पुन्हा पत्रं लिहिली. फोन आला नाही.

तुम्ही त्याची नाटकं वाचली असतील, कुठं पाहिली असतील तर लिहा.

उत्तररात्र

सुंदर लिहिलंय. फोनचा प्रसंग ऐकून होतो, पण त्याआधीच्या पत्रातली ती ‘कामगार म्हणून घ्या’ची उतरंड माहीत नव्हती. प्रश्न : नंतर कधी बाहेर जायची संधी आलीच नाही का? भाऊ पॅरिसला होते ना?

नेपथ्य

@उत्तररात्र, हो. निकोलाय आणि इवान दोघंही यादवीत देशाबाहेर पडले. निकोलाय पॅरिसमध्ये नावाजलेला जीवाणुशास्त्रज्ञ झाला, इवान बालालायका वाजवून जगला. १९३४ च्या मे महिन्यात बुल्गाकोव आणि त्याची तिसरी बायको येलेना सेर्गेयेव्ना यांनी परदेश प्रवासासाठी अर्ज केला. पासपोर्ट तयार आहेत असं सांगितलं गेलं, हेलपाटे घालायला लावले आणि शेवटी नकार. त्यानं उभ्या आयुष्यात पॅरिस पाहिलं नाही. पण फ्रेंच नाटककार मोलियेरचं चरित्र लिहिताना तिथल्या गल्ल्या जाणणाऱ्या माणसासारख्या लिहिल्यात. तेही चरित्र त्याच्या हयातीत छापलं गेलं नाही, १९६२ मध्ये आलं.

तापमापी

मी डॉक्टर आहे आणि माझा बुल्गाकोव म्हणजे ‘तरुण डॉक्टरची टिपणं’. एमबीबीएसनंतर ग्रामीण भागात बॉन्डची नोकरी केलेल्या प्रत्येकानं या कथा वाचाव्यात.

१९१६ च्या सप्टेंबरात तो स्मोलेन्स्क प्रांतातल्या निकोल्स्कोये नावाच्या खेड्यात रुजू झाला. एकटा डॉक्टर, एक फेल्डशर (आपला कंपाउंडर आणि ड्रेसर यांच्या मधला माणूस), दोन सुइणी. वर्षभरानंतर निघताना त्याला जे प्रमाणपत्र मिळालं त्यात आकडे आहेत : दाखल करून घेतलेले रुग्ण २११, बाह्यरुग्ण १५,३६१. महिन्याला बाराशेच्या वर ओपीडी, वय पंचवीस, आणि बर्फ पडायला लागलं की बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला.

पहिल्याच कथेत अंबाडीसारख्या झाडाचे देठ कुटायच्या यंत्रात पाय गेलेली पोरगी येते. डॉक्टरनं मांडी कापायची शस्त्रक्रिया आयुष्यात एकदाच, तीही लांबून पाहिलेली. मनात तो म्हणत राहतो, मर, लवकर मर, नाहीतर मी तुझं काय करू? आणि हात कामाला लागतात. हे वाक्य लिहायला धाडस लागतं. असं मनात येऊन गेल्याचं आम्ही एकमेकांजवळही बोलत नाही. ती जगते. अडीच महिन्यांनी कुबड्यांवर येते आणि लाल कोंबडा भरलेला टॉवेल भेट देते.

दुसऱ्या एका कथेत घटसर्पानं गुदमरणाऱ्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी बसवायची आहे. ऐन वेळी हूक धरून उभा असलेला फेल्डशर भोवळ येऊन पडतो, पडताना हूक सोडत नाही, आणि श्वासनलिका ओढली जाते. शस्त्रक्रिया निभावते. मग गावोगाव बातमी पसरते की डॉक्टरनं पोरीला पोलादी गळा बसवलाय, आणि दवाखान्यात रीघ लागते. मलेरियाचा एक शहाणा वाटणारा गिरणीवाला क्विनाइनच्या सगळ्या पुड्या एकदम घेतो, एकेक घेऊन कशाला वेळ घालवायचा म्हणून. यातलं काहीही रशियापुरतं नाही.

मॉर्फिनचं व्यसन त्याला इथंच लागलं. घटसर्पाच्या मुलावर उपचार करताना संसर्गाच्या भीतीनं स्वतः लस टोचून घेतली, तिची भयंकर प्रतिक्रिया आली, वेदना थांबवायला मॉर्फिन घेतलं आणि त्यातच अडकला. बाहेर काढलं पहिल्या बायकोनं, तात्याना लाप्पानं. ती इंजेक्शनात ऊर्ध्वपातित पाण्याचं प्रमाण हळूहळू वाढवत गेली. बुल्गाकोवच्या चरित्रांत येलेनाला मिळते तेवढी जागा तात्यानाला मिळत नाही याचं मला वाईट वाटतं. ती नसती तर पुढचं काहीच नव्हतं.

पूर्वरंग

थोडी वेगळी बाजू मांडते. माझं वैद्यकीय शिक्षण कीवमध्ये झालं. बुल्गाकोव जिथं शिकला त्या वैद्यकीय विभागातूनच पुढे आमचं विद्यापीठ उभं राहिलं, त्यामुळे पहिल्या वर्षीच त्याचं नाव कानावर पडतं. सेंट अँड्र्यू चर्चपासून पोदोल या जुन्या वस्तीकडे उतरणारा दगडी फरसबंदीचा रस्ता, त्यावरचं १३ नंबरचं घर. तिथंच तो वाढला आणि तुर्बिनही तिथंच राहतात. संग्रहालयात बुल्गाकोव कुटुंबाच्या खऱ्या वस्तू मूळ रंगात आहेत, आणि कादंबरीतल्या तुर्बिनांच्या म्हणून ठेवलेल्या सगळ्या वस्तू पांढऱ्याशुभ्र रंगवलेल्या. दोन कुटुंबं एकाच खोलीत राहताहेत असं वाटतं.

पण माझ्या युक्रेनियन वर्गमैत्रिणींना बुल्गाकोव आवडत नसे, आणि त्यांची बाजू इथं कुणीतरी सांगायला हवी. ‘व्हाइट गार्ड’मध्ये युक्रेनची स्वतंत्र व्हायची धडपड ही एक आलेली आणि गेलेली साथ असावी तशी दिसते. युक्रेनियन राष्ट्रवादी नेता पेत्ल्युरा याचं सैन्य म्हणजे अंधारातून चालून आलेला जमाव. युक्रेनियन भाषेची टवाळी आहे. घरात उजेड आहे, पियानो आहे, पुस्तकं आहेत, आणि हे सगळं रशियन आहे. आपल्याच गावात आपल्या भाषेला हसणारा लेखक आपला कसा मानायचा, हा त्यांचा सवाल. २०२२ च्या आक्रमणानंतर तिथल्या लेखक संघानं संग्रहालय बंद करायची मागणी केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कीव विद्यापीठाच्या इमारतीवरची त्याच्या नावाची पाटी उतरवली गेली. ज्यांच्या घरावर क्षेपणास्त्रं पडताहेत त्यांना मी ‘साहित्य वेगळं, राजकारण वेगळं’ हे सांगू शकत नाही.

उत्तररात्र

@पूर्वरंग, पटतंय. तरी १९२५ मध्ये लिहिणाऱ्याला २०२२ चा जाब विचारणं मला जड जातं.

पूर्वरंग

जाब २०२२ चा नाही हो. १२ फेब्रुवारी १९२९ ला युक्रेनियन लेखकांचं एक शिष्टमंडळ स्टॅलिनला भेटलं, तेव्हाच त्यांनी ‘तुर्बिनांचे दिवस’बद्दल हीच तक्रार केली होती. स्टॅलिन त्या बैठकीत नाटकाची बाजू घेत होता. त्या लेखकांचं दुखणं शंभर वर्षांचं आहे.

नेपथ्य

@पूर्वरंग, ही बैठक सांगितल्याबद्दल मनापासून आभार. नाटकाविरुद्ध बोललेले सगळेच काही सत्तेचे भाट नव्हते, हे त्यातून दिसतं. मी ‘तुर्बिन’ वाचतो तेव्हा मला हरलेल्यांचं घर दिसतं. त्या घरालाही रस्त्यावरच्या इतरांचं दुःख दिसत नव्हतं, हे तुमच्यामुळे आता वाचताना लक्षात राहील. नाटकावरचं माझं प्रेम त्यामुळे कमी होत नाही, पण ते डोळे झाकून करताही येणार नाही.

अनवट

मी हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं काम करतोय. माझ्या दृष्टीनं बुल्गाकोवचं सर्वांत मोलाचं पुस्तक ‘नाट्यकादंबरी’. अपुरी राहिलेली, १९६५ मध्ये छापलेली. माक्सुदोव नावाचा नवखा लेखक आपलं नाटक घेऊन एका थोर थिएटरात शिरतो आणि तिथल्या तालमी संपतच नाहीत. थिएटर म्हणजे आर्ट थिएटर आणि तिथला म्हातारा दिग्दर्शक म्हणजे स्तानिस्लावस्की, हे सगळ्यांना कळत होतं. त्यात एक तालीम आहे : नटानं प्रेयसीवरचं प्रेम दाखवायचं म्हणून दिग्दर्शक त्याला सायकल चालवायला लावतो. रंगमंचावर, तिच्याभोवती, प्रेमानं. मोठा नट बिचारा हँडल सांभाळत घामाघूम होतो. नाटकात काम केलेल्या माणसाला हे वाचून आधी हसू येतं आणि मग आपले दिग्दर्शक आठवतात.

यामागे खरा चटका आहे तो ‘मोलियेर’चा. नाटक १९२९ चं. परवानगीत दोन वर्षं गेली, मग तालमी चार वर्षांवर चालल्या. स्तानिस्लावस्कीला मोलियेरची प्रतिभा ठळक दिसायला हवी होती. बुल्गाकोवनं लिहिला होता राजापुढे वाकलेला, कर्जात बुडालेला, पाद्र्यांनी घेरलेला माणूस. १९३५ च्या एप्रिलमध्ये त्यानं कळवून टाकलं की यापुढे एकही फेरफार करणार नाही. १९३६ च्या फेब्रुवारीत नाटक लागलं. प्रयोग सात झाले. ९ मार्चला ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्रात लेख आला आणि खेळ खलास. आधी जानेवारीत त्याच पत्रानं संगीतकार शोस्ताकोविचच्या ऑपेराला झोडलं होतं, त्यामुळे पुढचा अर्थ सगळ्यांना कळत होता. मंडळींनी नाटकासाठी भांडायच्या आधीच हात वर केले, हे बुल्गाकोवला जास्त लागलं. त्यानं आर्ट थिएटर सोडलं आणि बोल्शोय थिएटरात ऑपेराच्या संहिता लिहायची नोकरी धरली.

आपल्याला हे अपरिचित नाही. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९१० मध्ये इंग्रजांनी बंद केलं तेव्हा निदान बंदी घालणारे आणि नाटक करणारे वेगळे होते. बुल्गाकोवच्या बाबतीत ती रेघ थिएटरच्या आतून गेली.

कातरवेळ

एवढं सगळं वाचल्यावर ‘बातूम’चं काय? शेवटी त्यानं तरुण स्टॅलिनवर नाटक लिहिलंच ना. स्टॅलिनच्या साठीच्या निमित्तानं. मला हा भाग पचत नाही.

नेपथ्य

@कातरवेळ, तुमचा आक्षेप टाळण्यासारखा नाही. आर्ट थिएटरनं गळ घातली आणि १९३९ मध्ये त्यानं ते लिहिलं. डोक्यावर तलवार होती, नाटककार म्हणून परत यायचं होतं, खणातली कादंबरी कधीतरी छापली जावी अशी आस होती. बहुधा हे सगळंच. नाटक मी वाचलंय. त्यात बुल्गाकोव क्वचितच भेटतो.

१४ ऑगस्ट १९३९ ला तो आणि येलेना थिएटरच्या मंडळींबरोबर जॉर्जियाला निघाले, नाटकातली ठिकाणं पाहायला. दोनएक तासांनी सेर्पुखोव स्टेशनवर टपालवाली डब्यात चढली आणि विचारू लागली, इथं बुखगाल्तेर कोण आहे? म्हणजे हिशेबनीस. तारेवरचं नाव तिला नीट लागलं नव्हतं. बुल्गाकोवला लगेच कळलं की तार त्याचीच. प्रवासाची गरज उरली नाही, मॉस्कोला परत या. ती दोघं पुढच्या तूला शहरात उतरून मोटारीनं परतली. नाटक वरूनच नाकारलं गेलं होतं.

महिनाभरात लेनिनग्राडला असताना त्याची नजर जायला लागली. मूत्रपिंडाचा आजार, वडील ज्यानं गेले तोच. डॉक्टर असल्यानं पुढे काय होणार ते त्यानं स्वतःच सांगितलं आणि तसंच झालं. मी त्याला ‘बातूम’बद्दल माफ करणारा कोण? पण ते लिहिताना त्याच माणसाच्या खणात दुसरी वही होती, हे मी विसरत नाही.

मंदसप्तक

त्या दुसऱ्या वहीबद्दल लिहिते. ‘हस्तलिखितं जळत नाहीत’ हे वाक्य लोक फार सहज फेकतात. हस्तलिखितं जळतात. बुल्गाकोवनं स्वतः जाळली. ७ मे १९२६ ला गुप्त पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेऊन ‘कुत्र्याचं काळीज’ या त्याच्या लघुकादंबरीची प्रत आणि रोजनिशा नेल्या. काही वर्षांनी परत मिळाल्यावर त्यानं रोजनिशा भट्टीत टाकल्या आणि पुन्हा कधी रोजनिशी लिहिली नाही. आज तो मजकूर आपल्याला मिळतो, कारण पोलिसांनी नक्कल करून ठेवली होती.

म्हणून १९३३ पासून रोजनिशी लिहू लागली येलेना. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याची बायको, दोन मुलं, भरलं घर. बुल्गाकोव तिला १९२९ मध्ये भेटला, तेव्हा त्याच्यावर सगळीकडून बंदी येत होती. १९३२ मध्ये ती धाकट्या मुलाला घेऊन त्याच्याकडे आली, थोरला वडिलांकडे राहिला. त्याची दृष्टी गेल्यावर ती कादंबरी वाचून दाखवायची, तो दुरुस्त्या सांगायचा, ती लिहून घ्यायची. १९४० च्या फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हे चाललं. त्यानंतर सव्वीस वर्षं तिनं ते हस्तलिखित सांभाळलं, संपादकांचे उंबरे झिजवले. १९६६ मध्ये ‘मॉस्क्वा’ मासिकानं छापलं तेव्हा कापलेले तुकडे टाइप होऊन हातोहात फिरले. नोवोदेविची स्मशानात त्याच्या थडग्यावर जो ओबडधोबड दगड आहे, तो आधी गोगोलच्या थडग्यावर होता. तोही तिनंच शोधून काढला.

@तापमापी, तात्यानाबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. ‘व्हाइट गार्ड’ लिहिली जात असताना रात्ररात्र त्याच्याजवळ बसायची ती, आणि अर्पणपत्रिकेत नाव मात्र दुसऱ्या बायकोचं, बेलोझेर्स्कायाचं.

उत्तररात्र

नाटकांपासून सुरुवात करायची तर आधी कुठलं घ्यावं? आणि ‘तुर्बिन’चे प्रयोग शेवटी कधी थांबले?

नेपथ्य

१९३२ मध्ये ‘तुर्बिन’ परत सुरू झालं, फक्त आर्ट थिएटरपुरतं, आणि एकूण हजाराच्या आसपास प्रयोग झाले. १९४१ च्या जूनमध्ये नाटक दौऱ्यावर मिन्स्कला होतं. जर्मन हल्ला झाला, सगळा सेट बॉम्बवर्षावात जळाला आणि तो प्रयोग तिथं संपला. १९५४ मध्ये मॉस्कोच्या दुसऱ्या एका थिएटरात यान्शिननं ते पुन्हा बसवलं. १९२६ च्या पहिल्या संचात लारिओसिक या पात्राची भूमिका केलेला नट तो हाच.

वाचायला मात्र मी ‘पलायन’ सांगेन. त्यातल्या आठ प्रवेशांना त्यानं आठ स्वप्नं म्हटलंय. क्रिमियातून माघार घेणारं सैन्य, माणसं फासावर लटकवणारा आणि त्यातल्या एका शिपायाला सतत डोळ्यांपुढे पाहणारा जनरल ख्लुदोव, मग कॉन्स्टँटिनोपलमध्ये झुरळांच्या शर्यतीवर पैसे लावणारे निर्वासित. बुल्गाकोवनं ते रंगमंचावर कधी पाहिलं नाही. पहिला प्रयोग १९५७ चा, स्टालिनग्राडमध्ये.

अनवट

पुढच्या महिन्यात ऑनलाइन अभिवाचन करू या का? ख्लुदोव मी वाचतो. दोन बायकांचे आणि चार पुरुषांचे आवाज मिळाले तर दुहेरी भूमिका करून भागेल.

पूर्वरंग

मी आहे. वाचनानंतर चर्चा ठेवणार असाल तरच.

नेपथ्य

नक्की ठेवू. एक तयारी सगळ्यांनी करून या. या नाटकाचे शेवट बुल्गाकोवनं बदलत नेले. एकात ख्लुदोव शिक्षा भोगायला रशियाला परत निघतो, १९३७ च्या खर्ड्यात तो स्वतःला गोळी घालतो. आपण दोन्ही वाचू आणि मग बोलू.